गोल बाल्कन्या

सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पोंक्ष्यांनी इमारत पाडायचा ठराव मांडला. समोरच्या सोसायटीने बाल्कन्या गोल केल्या होत्या आणि आपल्या चौकोनी होत्या, एवढंच कारण.

“अहो, राहायला येऊन वर्षसुद्धा नाही झालं!” विशाखाताई म्हणाल्या.

पोंक्षे कीव केल्यासारखे हसले. “तुम्ही अजून कोळशाच्याच जमान्यात! आता सिमेंटची भट्टी उन्हावर, क्रेन उन्हावर, पाडायचं मशीनही उन्हावर. धूरच नाही, तर पाडायला लाज कसली?”

टाळ्या पडल्या. ऊन फुकट वापरता यायला लागल्यापासून या मंडळींच्या लेखी घर म्हणजे मोबाइलचं कव्हर झालं होतं.

“आमच्या ह्यांना दिसत नाही. प्रत्येक नवं घर त्यांना हातांनी शिकावं लागतं,” विशाखाताई म्हणाल्या. “आणि याआधीची इमारत का पाडली, आठवतंय? तिच्या बाल्कन्या गोल होत्या म्हणून.”

“बघा! म्हणजे तेव्हाही आपण काळाच्या पुढेच होतो,” पोंक्षे म्हणाले, आणि सगळ्यांचे हात वर झाले.

विशाखाताई घरी आल्या. नवरा दारातच उभा होता, भलताच खुशीत.

“अगं, आज स्वयंपाकघरापासून इथवर एकटा आलो. कुठेही धडकलो नाही.”