तीन खुडूक

"एकच डालगं!" मुकादम बिभीषण ट्रॉलीवरून ओरडला. "दुसरं दिसलं तर रस्त्यावर फेकून देईन. माणसं बसवू का कोंबड्या?"

ट्रॉलीत नऊ जोडप्यांचे कोयते, भांडी, सरपण, दोन शेरडं आणि मुकादमाची स्वतःची लोखंडी कॉट होती. कॉटला जागा होती.

रंगुबाईनं वर पाहिलंही नाही. ती खुराड्यापाशी उकिडवी बसली होती. सहा कोंबड्यांचं खुराडं, आत चौदा, आणि त्यातल्या नऊ खुडूक झालेल्या. ऊसतोडीला निघायच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच उबवायची हुक्की आली होती. अंडी बंद, दाणापाणी बंद. एकीच्या पाठीवर दुसरी अशा एकाच कोपऱ्यात दाटलेल्या, हात गेला की फुगून टोचणाऱ्या. त्यांची खुडूक मोडावी म्हणून तिच्या नवऱ्यानं, गोरक्षनाथनं, आठवडाभर बादलीत बुचकळून पाहिल्या, नाकात पीस ओवून पाहिलं. कोंबड्या पंख झाडून परत कोपऱ्यात.

आता सहा महिने घराला कुलूप. मागं राहिली ती कोंबडी कुत्र्यांची, नाहीतर शेजाऱ्यांच्या रविवारची. डालग्यात मावणार तीनच. उरलेल्या न्यायला व्यापारी मोटारसायकलला जाळी बांधून उभा होता. उन्हाळ्यात परत येऊन खुराडं पुन्हा भरायचं ते या तिघींच्या जिवावर. निवड चुकली की संपलं.

"अंडी देणाऱ्या तीन घे," गोरक्षनाथ म्हणाला. "खुडूक त्याला देऊन टाक. नुसतं बसून खाणारं वझं कशाला वढायचं?"

"बसल्यावर खात्यात व्हय त्या? तुमच्यासारख्या न्हाईत."

व्यापारी खिदळला. गोरक्षनाथ तंबाखू मळायला लागला.

सून राजेश्वरी भिंतीला टेकून उभी होती. लग्नाला पाच महिने झालेले, तोडीवर पहिल्यांदाच निघालेली. पालात झोपायचं कसं, अंघोळ कुठं करायची, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. विचारणार कुणाला? सासूला बोलायला फुरसत नव्हती.

रंगुबाईनं एका खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात सारला. ती कलकलाट करत उठली.

"ढोंगी. घ्या ही."

दुसरी एकदा टोचून बाजूला सरकली. तीही जाळीत गेली. तिसरीनं मनगट फोडलं. रक्त आलं तरी रंगुबाईनं हात मागं घेतला नाही.

"मार बाई, मार. अजून मार."

तिनं कोंबडी अलगद उचलली. पाय पोटाशी तसेच दुमडलेले. अधांतरी धरली तरी ती बसलेलीच होती.

"ही आपली."

हाताची चाळण होईपर्यंत अशा तीन निघाल्या. अंडी देणाऱ्या पाचही व्यापाऱ्याच्या जाळीत गेल्या, तेव्हा गोरक्षनाथनं कपाळावर हात मारला.

"राजे, काल वढ्यातनं आणलेले धोंडे दे."

अंड्याएवढे गुळगुळीत धोंडे. काल वेचताना राजेश्वरीला वाटलं होतं, म्हातारीचं डोकं फिरलं. रंगुबाईनं डालग्यात पाचट पसरलं, धोंडे मांडले, त्यावर तिघींना बसवलं. खरी अंडी तिनं डब्यात, बाजरीत पुरून ठेवली होती.

"मावशे," बिभीषण हसला, "धोंड्यातनं पिल्लं काढती का आता?"

"ट्रॉलीत अंडी हादरून नासत्यात. धोंडा न्हाई नासत. कोल्हारला उसाच्या फडावर पाल उभं राहिलं की धोंडं काढायचं आन अंडी सारायची. अंडी देणारी नवी जागा बघून बिथरती, मागल्या साली दोन वाटंतच उडून गेल्या. ही न्हाई उठायची."

"आन उठली मंग?"

"उठली तर तुजी कॉट डोक्यावर घिऊन मी कोल्हारपातुर चालत यीन."

ट्रॉलीभर बाया हसल्या. बिभीषणनं ड्रायव्हरला शिवी घातली आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

नगर मागं पडलं. स्पीकर किंचाळत होता, शेरडं ओरडत होती, लेकरं ओकत होती. प्रत्येक खड्ड्याला भांडी उसळत होती, माणसं एकमेकांवर पडत होती. रंगुबाई डालग्याला टेकून घोरत होती. आत तिघी हलल्या नव्हत्या.

राजेश्वरीनं डालग्याचं झाकण जरासं उचललं. सासूच्या फुटलेल्या मनगटाकडं पाहिलं आणि आपला हात आत घातला. कोंबडीनं कचकन टोचलं. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं हात मागं घेतला नाही. पिसांखाली बोटांनी धोंडा चाचपला.

धोंडा चांगलाच गरम झाला होता.