पहिली ओळ कुठून उचलायची

तिसऱ्यांदाही पेटीचा सूर नुसताच लांबत गेला आणि प्रगतीनं तोंड उघडलं नाही.

ईश्वरसरांनी भाता सोडला. शिरूरच्या मंगल कार्यालयात तालीम चालली होती. स्टेजवर उजवीकडं शिरूरची मुलं, डावीकडं कुरकुंभची, आणि सगळ्यांच्या पुढं नऊ वर्षांची प्रगती. सरांचा हा बिनफीचा समूहगानाचा वर्ग दोन्हीकडं चालायचा. आज संध्याकाळी दोन्हीकडची मुलं पहिल्यांदाच लोकांपुढं एकत्र गाणार होती. सुरुवात प्रगतीच्या एकटीच्या ओळीनं होती, "भीमा आमची." मग शिरूरकर म्हणणार, "घोड आमची." मग सगळे मिळून, "पाणी कुणाचं?"

"काय होतंय, बाळा?"

"सर, कुठनं उचलायचं तेच कळंना."

"अगं, सूर देतोय की मी!" सर सारिकाकडं वळले. "ताई, तिकडं कुरकुंभला मी मोटरसायकलवर येतो, पेटी आणता येत नाही. तरी तुमची पोरगी दर रविवारी नेमक्या त्याच पट्टीत सुरू करते. रेकॉर्ड करून तपासलंय मी. काळी चार. आणि आज समोर काळी चार वाजतेय, तर गप्प!"

सारिका खिडकीजवळच्या खुर्चीवर पर्स पोटाशी धरून बसली होती. एसटीत तिनं पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला होता, स्टँडवरचा वडा खाऊ दिला नव्हता, इथं आल्या आल्या गुळण्या करायला लावल्या होत्या. ताप नाही. घसा बसलेला नाही. मग काय?

"भ्याली आसंल," शेजारी बसलेले हौशीराम आबा म्हणाले. शिरूरच्या स्वराजचे आजोबा. "आमच्या स्वराजला द्या म्हणावं ती वळ. त्याचा आवाज म्हंजी कांद्याच्या लिलावात हुबा केला तरी चालंल."

"आबा, तो घोड म्हणणारे ना?" सारिका म्हणाली.

"मग भीमा बी म्हणंल. पाण्याला काय हाय!"

सरांच्याही ते मनात आलं असावं. "एकदा शेवटचं बघू," ते म्हणाले. "नाहीतर आज स्वराज उचलेल. लोकांसमोर असं गप्प उभं राहण्यापेक्षा बरं. चालेल ना, प्रगती?"

प्रगतीनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. पण तिनं खालचा ओठ आत ओढून घेतला, आणि तो ओठ सारिकाला चांगला ठाऊक होता. पोरगी महिनाभर वेणी घालतानासुद्धा ही एकच ओळ म्हणत होती.

पेटी पुन्हा वाजली. या वेळी सारिकानं पोरीच्या तोंडाकडं बघितलंच नाही. ती उभी कशी आहे ते बघितलं.

प्रगती सरांकडं बघत नव्हती. पेटीकडंही नाही. तिची मान खिडकीकडं कलली होती, कान पुढं काढल्यासारखी. आणि मागची कुरकुंभची सगळी मुलं तशीच. बाहेर एखादी एसटी हॉर्न देत गेली. माना जराशा उचलल्या, पुन्हा होत्या तशा झाल्या. हा आवाज नव्हे.

मग कोणता?

कुरकुंभच्या कॉलनीतही ही अशीच उभी राहत असेल का? सारिकाला आठवेना. सराव तिच्याच दारापुढं व्हायचा, पण त्याची सुरुवात तिनं एकदाही पाहिली नव्हती. त्या वेळी ती आत असायची. खिडक्या लावत.

कारण त्याच वेळी कॉलनीजवळच्या केमिकल कंपनीचा भोंगा व्हायचा, दुपारची पाळी सुटल्याचा. मागं एकदा तो अवेळी वाजला आणि गॅस सुटला म्हणून अख्खी कॉलनी रस्त्यावर आली होती. काही झालं नव्हतं. तरी तेव्हापासून भोंगा वेळेचा असला तरी सारिका एकेक खिडकी लावत सुटायची. बाहेरून सरांचं ऐकू यायचं, "गप्प उभे राहा, हा गोंगाट संपू दे." भोंगा उतरायचा, तिची शेवटची कडी लागायची, आणि काचेपलीकडून लगेच, दर वेळी, "भीमा आमची."

"राहू दे," सर म्हणाले. "स्वराज, पुढं ये."

"सर, थांबा! पेटी थांबवा जरा."

सारिका उभी राहिली तशी पर्स खाली पडली. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पोटातून, अगदी खालून आवाज काढून हळूहळू वर चढवला.

"ऊंऽऽऽऽऽ"

शिरूरची मुलं फिस्सकन हसली. "कुकर!" कुणीतरी ओरडलं. आबांनी मान मागं घेऊन तिच्याकडं निरखून पाहिलं.

कुरकुंभचं एकही पोर हसलं नाही. त्यांच्या पाठी ताठ झाल्या, पायाला पाय जुळले. सारिकाचा आवाज चिरकला, तरी तिनं तो सोडला नाही. तो कुठवर चढतो, किती वेळ तिथंच राहतो, कसा घसरत खाली येतो, हे आपल्याला इतकं पाठ आहे याचं तिलाच नवल वाटत होतं.

तो उतरू लागला आणि प्रगतीनं तोंड उघडलं.

"भीमा आमची..."

सरांचं बोट आपोआप पेटीवर गेलं. काळी चार.

"घोड आमची!" स्वराजनं जागेवरूनच लिलाव पुकारला.

धापा टाकत सारिका खाली बसली. मग तिला दिसलं, आपला हात खिडकीवर आहे. एक दार ओढून झालंय, दुसरं अर्ध्यावर आलंय.

"आवं, लावताय कशाला?" हौशीराम आबा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या उघडी. जाऊ दे की आवाज रस्त्यावर."