खल्फानचं धुकं

स्क्रिप्ट थांबली. रय्याने पडद्यावरचा आकडा पाहिला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. जागा अजूनही पुरत नव्हती.

सकाळपासून ती हेच करत होती. हवामान केंद्राच्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात शेकडो व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे संगणकातले संगणक, होती. प्रत्येकाची डिस्क वेगळी, पण सगळ्यांची मिळून जागा एकच. काही कुणी चाचणीपुरती केलेली, काही नोकरी सोडून गेलेल्यांची, काही तर कशासाठी केली होती हे कुणालाच आठवत नव्हतं. एकेक उघडून पुसत बसली असती तर आठवडा गेला असता. म्हणून तिने हे काम आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहिली. आधी काहीही न पुसता नुसतीच चालवून काय काय उडणार ते वाचून पाहिलं, मग खरी सोडली. मशीन बंद कर, जुन्या प्रती काढून टाक, डिस्क पुस, पुढचं घे.

खिडकीबाहेर मस्कतचं आकाश स्वच्छ होतं. वादळ दूर दक्षिणेला, समुद्रात होतं.

"किती झाली जागा?" अंदाज विभागाच्या प्रमुख उम्म सैफ दारातूनच विचारत आत आल्या.

"निम्म्याहून थोडी जास्त."

"निम्म्यात मी काय करू? अर्धंच वादळ मांडू?"

"बसा तरी. कॉफी घ्या."

"कॉफीने गणित चालत नाही, पोरी. बारीक जाळीचं, गावागावापर्यंतचं गणित चालवल्याशिवाय मला कळणार नाही, ते दुक्मला धडकणार की खाली शरबथात गावाला. सगळा किनारा उठवू म्हणतेस? मागच्या खेपेला उठवला, आणि वादळ येमेनकडे वळलं. तेव्हापासून कोळी म्हणतात, या बाईला ओरडायची सवयच आहे. आता गावाचं नाव घेऊन सांगितलं तरच हलतील ते."

उरलेली जागा कुठे आहे ते रय्याला माहीत होतं.

स्क्रिप्टमध्ये वरच एक ओळ होती: 'धुके'ने सुरू होणाऱ्या मशिनांना हात लावू नये. ती मशिनं केंद्रातल्याच तिच्या सहकाऱ्याची, खल्फानची होती. सलालाच्या डोंगरांवर पावसाळ्यात धुकं कसं चढतं, कुठे अडतं, झाडं ते कसं पितात, याची गणितं तो वर्षानुवर्षं चालवत आला होता. प्रबंध या हिवाळ्यात द्यायचा होता. दुसरी प्रत ठेवायला त्याला कधी जागाच मिळाली नव्हती.

धाकट्या भावाच्या लग्नासाठी इब्रीला निघताना तो तिच्या टेबलावर रेलून म्हणाला होता, "सगळ्यांचं पूस, माझं सोड. माझ्या मशिनाला हात लागला तर तुझ्या दारात येऊन बसेन."

"बस की. चटई घालून देईन."

हसत हसत म्हणाली खरी, पण ती ओळ तिने त्याच्या डोळ्यांदेखत लिहिली होती.

"दुसरीकडे हलव ना ते," उम्म सैफ म्हणाल्या. पडद्यावरची ओळ त्यांनीही वाचली होती.

"हलवून होईपर्यंत वादळ किनाऱ्यावर येऊन गेलेलं असेल."

तिने खल्फानला फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"लग्नघर आहे, ढोल चालू असतील," उम्म सैफ म्हणाल्या. "आणि त्याचा फोन कधी खिशात असतो? गाडीत पडलेला असेल, नेहमीसारखा."

रय्या लावतच राहिली. मग निरोप लिहायला घेतला, दोन शब्द लिहिले आणि खोडले. अशी गोष्ट लिहून कशी विचारायची?

"माझ्या हुकमाने झालं असं सांग त्याला," उम्म सैफ हळूच म्हणाल्या. "माझ्यावर टाक."

"नाही. ओळ मी घातली होती, मीच काढणार."

तिने ती ओळ काढली. आधी स्क्रिप्ट नुसती चालवून पाहिली; 'धुके'ची नावं एकाखाली एक उतरत गेली. सगळी त्याचीच आहेत, दुसऱ्या कुणाचं चुकून आलेलं नाही, हे तिने नीट पाहिलं. मग खरी सोडली. उम्म सैफ आपल्या माणसांना बोलवायला धावल्या. रय्या जागची हलली नाही. शेवटची डिस्क जाईपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. निदान तेवढं तरी करायला हवं, असं तिला वाटलं.

गणित चाललं. उत्तर आलं: शरबथात गाव. उम्म सैफनी गावाचं नाव घेऊन सांगितलं. ट्रक लागले. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, शेळ्यांसकट माणसं वरच्या शाळेत नेली. वादळ आलं ते तिथेच. समुद्र घरांत शिरला, होड्या छपरांवर जाऊन पडल्या. माणूस एकही दगावला नाही. केंद्रात हलव्याची थाळी फिरली. रय्याने हात पुढे केला नाही.

लग्न आटोपून खल्फान आला तो नवी कोरी पायघोळ दिशदाशा घालून, हातात खजुराचा डबा घेऊन. तो आपल्या टेबलापर्यंत पोचण्याआधी रय्याने त्याला व्हरांड्यातच अडवलं.

"खल्फान, तुझी मशिनं मी पुसली. सगळी. परत येणार नाहीत."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"उम्म सैफनी सांगितलं?"

"कुणीच नाही सांगितलं."

"मी किती फोन केले तुला! तू एकदा जरी उचलला असतास तर विचारल्याशिवाय मी… कुठे होता तुझा फोन?"

खल्फानने डबा खिडकीत ठेवला.

"हातात होता. वादळ टीव्हीवर दिसत होतं, आणि जागा कुणाकडे आहे ते मला ठाऊक होतं. उचलला असता तर मी नको म्हणालो असतो, रय्या. आणि तू माझं ऐकलं असतंस."