पंधरा किलोंचा दाब

"कोपर काटकोनात. मनगट मोडायचं नाही," अपूर्वने सांगितलं आणि त्याला सांगून आलेली मुलगी दुसऱ्यांदा कॉफी दाबू लागली.

सुमतीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. ओट्यावर पोळपाटाच्या जागी बाथरूममधला वजनकाटा ठेवला होता. त्यांचे यजमान हरिहरराव रोज सकाळी ज्याच्यावर अनवाणी उभे राहत, तोच. अपूर्वच्या कॉफीच्या यंत्राला लागणाऱ्या लांब दांड्याच्या वाटीत पूड भरायची, वाटी काट्यावर धरायची आणि लोखंडी ठोकळ्याने दाबायची. काटा बरोबर पंधरा किलोंवर आला की पाव वळसा देऊन ठोकळा उचलायचा. दाब एका बाजूला कमी पडला तर पाणी तिथूनच पळतं आणि सगळं फुकट जातं. एवढा खटाटोप कशासाठी, तर भातुकलीच्या कपात अर्ध्यावर येणाऱ्या काढ्यासाठी. पोराच्या या थेरांचा सुमतीबाईंना मनापासून तिटकारा होता.

पण आज त्या गप्प होत्या. अपूर्व चौतीस वर्षांचा झाला होता आणि चार वर्षं स्थळं बघून ठाकुर्लीतलं हे घर थकलं होतं. कोपरीची अंतरा कॉलेजात भूगोल शिकवायची. मागच्या भेटीत ती एवढी मोकळी हसली होती की सुमतीबाईंनी मनातल्या मनात तिला सून करूनही टाकलं. आज तिचे आईवडील बाहेर बसले होते. आता फक्त होकाराची देवाणघेवाण उरली होती.

"असं नाही," अपूर्व म्हणाला. त्याने वाटी डब्यात आपटून रिकामी केली आणि पुन्हा भरली. आवाज चढला नव्हता. मंद बुद्धीच्या माणसाला समजवावं तसा तो शांतपणे बोलत होता.

पहिल्या वेळी अंतरा हसून म्हणाली होती की कॉफी प्यायची आहे की भिंतीला गिलावा करायचाय? तो हसला नव्हता. दुसऱ्यांदा ती नुसती ओठांत हसली. तिसऱ्यांदा तेही नाही. चौथ्यांदा ठोकळा दाबताना तिची नजर काट्यावर नव्हती, अपूर्वच्या चेहऱ्यावर होती.

ही नजर सुमतीबाईंच्या ओळखीची होती.

"सुमती, त्या बशा नाहीत. निळ्या काढ," हरिहररावांनी बाहेरून सांगितलं. निम्म्या निळ्या बशा काढून झाल्यावर आपण काय करतोय हे सुमतीबाईंच्या लक्षात आलं. छत्तीस वर्षं. फडकं कसं पिळायचं, पेपरची घडी कुठून घालायची, पाहुण्यांसमोर किती बोलायचं. कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. नवरा देवमाणूस आहे असं लोक म्हणत आणि त्याही मान डोलवत. पोरगं दहा वर्षांचं असताना "आई, तुला नाही जमणार," म्हणून हातातलं काढून घेऊ लागलं, तेव्हा किती टापटिपीचा आहे म्हणून शेजारीपाजारी कौतुक सांगत फिरल्या त्या सुमतीबाईच. त्यांना यंत्राचा राग येईना, नवऱ्याचाही येईना. स्वतःचीच शिसारी आली.

"बघ, आता जमलं," अपूर्व म्हणाला. परीक्षेत पास झाल्यासारखा अंतराचा चेहरा उजळला.

सगळे बाहेर येऊन बसले. कॉफी झाली, थोडं हवापाण्याचं बोलणं झालं. मग अंतराच्या वडिलांनी कप खाली ठेवला. आमच्याकडून होकार आहे, आता तुमचं कळू द्या, असं ते म्हणाले. हरिहरराव खाकरले. या घरातली उत्तरं तेच देत.

सुमतीबाईंनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"आमच्याकडून नकार आहे," त्या म्हणाल्या.

अपूर्व आईकडे बघतच राहिला. अंतराच्या वडिलांनी पडलेल्या आवाजात विचारलं, मुलीत काही कमी दिसलं का?

"छे हो," सुमतीबाई म्हणाल्या, "मला ती फार आवडली. म्हणूनच नाही म्हणतेय."