न रडण्याची परीक्षा

कागदी रुमालांचा खोका तिनं टेबलावरून उचलला आणि कपाटात कोंबला. गेल्या परीक्षेत त्यातले निम्मे रुमाल रुग्णानं नाही, तिनंच संपवले होते.

रुग्ण म्हणजे खरा नव्हे. जुगाराच्या व्यसनातून माणसांना सोडवायला शिकवणाऱ्या संस्थेची ती रीतच होती. शेवटच्या परीक्षेला एक नट रुग्ण होऊन यायचा. तो कोण, हे आधी सांगत नसत. कोपऱ्यातला कॅमेरा सगळं टिपायचा आणि ते मुख्य कार्यालयात जाऊन मग निकाल लागायचा. गेल्या वेळच्या नटानं मध्येच तिचा हात धरून सांगितलं होतं की ताई, हे नाटक नाही, मी खरंच जुगारी आहे. झालं. शिकवलेली सगळी पद्धत बाईसाहेबांनी गुंडाळून ठेवली आणि त्याच्याबरोबर ढसाढसा रडल्या. निकाल नापास. वर्गात तेव्हापासून तिचं नाव पडलं नळताई.

या खेपेला मात्र हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. तिनं गावात काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचं अनुदान मंजूर झालं होतं, पण उत्तीर्ण समुपदेशक असेल तरच. ती पुन्हा नापास झाली की अनुदान दुसऱ्या गावाला आणि या दोन खोल्यांना कुलूप. तिच्या भावानं पत्त्यांपायी घर घालवलं, संसार घालवला, शेवटी स्वतःलाही संपवलं. तेव्हा त्याला घेऊन जावं असं एकही दार गावात नव्हतं. ते दार उघडायचं म्हणून तिनं शाळेतली चांगली नोकरी सोडली होती. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. रंगाऱ्यानं उत्साहाच्या भरात बाहेर पाटीही लावून टाकली होती. फोन तेवढा जोडायचा राहिला होता.

नट जरा आधीच आला. दारात घुटमळला, मग आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. लिफ्ट दुरुस्त करतो म्हणाला. नखांत काळं वंगणसुद्धा भरून आला होता. तयारी दांडगी आहे, तिनं मनात म्हटलं आणि कॅमेरा चालू केला.

आधी ऐकायचं, ही पहिली पायरी. ती ऐकत राहिली. तो फोनवर जुगार खेळायचा, न्हाणीघरात, नळ सोडून. अंघोळीला इतका वेळ लावतो म्हणून सासू त्याला राजेसाहेब म्हणायची. हे सांगताना तो थोडा हसला आणि तीही पद्धतीत बसेल इतकंच हसली.

"मुलीला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तिचं कानाचं यंत्र विकलं मी. दुरुस्तीला दिलंय म्हणून सांगितलं. आता ती माझ्या ओठांकडे बघत बसते, यंत्र कधी येणार म्हणून."

तिचा हात सवयीनं टेबलावर खोका शोधायला गेला. दुधानं तोंड पोळलेली ती, ताकही फुंकून प्यायला शिकली होती. संवाद लिहिणाऱ्यानं जरा मीठ जास्तच घातलंय, असं तिनं स्वतःला बजावलं, आणि हात मागे घेतला. पुढचे प्रश्न तिनं सरळ आवाजात विचारले. कधीपासून, घरी कोणाला माहीत आहे, झोप लागते का. शेवटचा प्रश्नही तसाच विचारला, पाढा म्हणावा तसा.

"जीव द्यावासा वाटतो का?"

"हो."

"कधी?"

"आजच. म्हटलं, त्याआधी एकदा इथं बघावं. पाटी दिसली म्हणून आलो." त्यानं वर पाहिलं. "ताई, मी उगाच बोलत नाहीये. खरं सांगतोय."

इथंच गेल्या वेळी तिचा पाय घसरला होता. ती मनातल्या मनात हसली. एकदा फसलं तर भोळेपणा, दुसऱ्यांदा फसलं तर मूर्खपणा. असं उत्तर आलं की रुग्णाला एकटं सोडायचं नाही आणि लगेच डॉक्टरांना फोन लावायचा, असा नियम होता. परीक्षेत मात्र फोन खरा लावत नसत, नुसतं उचलून बोलायचं असे. तिनं रिसीव्हर उचलला, आकडे दाबले आणि शांत, स्पष्ट आवाजात डॉक्टरांना सांगितलं की एक गृहस्थ आलेत, त्यांना आत्ताच्या आत्ता बघावं लागेल. एक शब्द अडखळला नाही.

तो तिच्याकडे बघत नव्हता. टेबलाखाली फोनची वायर मोकळीच लोंबत होती, त्या वायरीकडे तो बघत होता. आयुष्यभर वायरींशीच काम केलेला माणूस. तिनं रिसीव्हर ठेवला तेव्हा तो हळूच म्हणाला, "येतायत का डॉक्टर?"

"निघालेत," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि उठला. आपलं सगळं आटोपलं, आता नटानंही सोंग उतरवलं, असं तिला वाटलं. तिनं कॅमेरा बंद केला आणि खूप दिवसांनी मोकळं हसली.

"छान केलंत हं तुम्ही. मला तर क्षणभर खरंच वाटलं होतं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं तिला नमस्कार केला.

"जातो मी," तो म्हणाला, आणि जाताना दार आवाज न करता लावून घेतलं.

ती खुर्चीत मागे रेलली. डोळे कोरडे ठणठणीत होते. भाऊ असता तर त्याला आधी सांगितलं असतं की तुझी बहीण पास झाली, आता इथून कुणी रिकाम्या हातानं परत जाणार नाही. ती पेलाभर पाणी प्यायली. कपाटातला खोका काढून पुन्हा टेबलावर ठेवला.

दार वाजलं. खांद्याला पिशवी अडकवलेला एक घामाघूम गृहस्थ आत आला आणि धापा टाकत म्हणाला, "माफ करा ताई, वाटेत गाडी बंद पडली. मला संस्थेनं पाठवलंय, परीक्षेतला रुग्ण मीच. करायची सुरुवात?"