आणलेला नमुना

मजल्यातून खाली किती आवाज जातो हे मोजायच्या आमच्या लॅबमधल्या मशीनचे पाच हातोडे नमुन्याच्या फरशीवर आदळत होते, तरी खालच्या खोलीतल्या माइकवर जेमतेम आवाज पोचत होता. मी कोपरा उचकटून पाहिला, तर फरशीखाली बोटभर जाड रबर!

"हे इमारतीत घालणार?"

"छे हो! हे फक्त तुमच्या लॅबपुरतं," बिल्डरचा इंजिनिअर हसला आणि त्याने पेढे पुढे केले.

किळस आली. तरी रिपोर्टवर 'चाचणी फक्त आणलेल्या नमुन्याची' हे नेहमीचं वाक्य टाकून सही ठोकली. पेढाही खाल्ला.

वर्षभराने धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, वरच्या बाईंनी लसूण ठेचला तरी माझ्या डोक्यात घण बसतात रे. बिल्डरच्या जाहिरातीत रिपोर्टवर तुझी सही बघूनच फ्लॅट घेतला ना आम्ही."

मी बेसिनवर चुळा भरत राहिलो. त्या पेढ्याची चव जाईना.