फुटके फुगे

"पुन्हा तिथेच," डॉक्टर म्हणाले.

रसायनतज्ज्ञाला पडद्याकडे बघायचीही इच्छा नव्हती. बायकोच्या यकृताच्या खालच्या कडेला तोच पांढरा ठिपका असणार. ही तिसरी खेप. पहिल्या वेळी तो डाळीएवढा होता, आज वाटाण्याएवढा. म्हणजे औषध सुधारायचं सोडून बिघडतच चाललं होतं.

एमआरआयमध्ये चित्र स्पष्ट उमटावं म्हणून शिरेतून जे औषध देतात, ते तो चरबीच्या अतिसूक्ष्म फुग्यांत भरत असे. या फुग्यांना लायपोसोम म्हणतात. फुगे शाबूत राहिले तर रक्तातून फिरत राहायचे आणि साध्या स्कॅनला न दिसणारं बारीकसारीकही उजळून दाखवायचे. फुटले की यकृतात जाऊन साचायचे आणि तिथे पांढरे चमकायचे. त्याचे फुटत होते. चाचणी पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवणारी समिती उद्या बसणार होती. हे चित्र तिच्यापुढे गेलं की त्याच्या इतक्या वर्षांच्या खटाटोपाला टाळं.

"बाटली फ्रिजातच ठेवली होतीस ना? गोठली की फुगे तडकतात."

"दर वेळी माझा फ्रिजच सापडतो तुला," डॉक्टर म्हणाले. दोघं कॉलेजपासूनचे मित्र होते. "दुसऱ्या कुणावर एकदा करून बघू, हे मी पहिल्यापासून सांगतोय."

दुसऱ्या कुणावर, म्हणजे आणखी एका माणसापुढे शोभा. चाचणीला निरोगी माणूस हवा होता, आणि त्याची बायको आपणहून तयार झाली होती. सुरुवातीच्या सगळ्या तपासण्यांत ती ठणठणीत निघाली होती. मग आणखी कोण कशाला?

ती कपडे बदलून आली. घड्याळ मनगटात चढवलं तर ते घसरत पार कोपराशी गेलं. तिने ते खाली ओढलं.

"काय भावोजी, यांचे फुगे आजही रुसले? माझ्या यकृतावर यांच्या फुग्यांचा जेवढा जीव आहे, तेवढा यांचा माझ्यावर असता तर काय हवं होतं."

डॉक्टर हसले नाहीत. जेवण नीट जातं का, असं त्यांनी विचारलं. नवरा जेवताना परीक्षानळ्यांशी भांडत बसतो, तिथे भूक कुणाला लागणार, असं ती म्हणाली. पण बरंच झालं, फुकटात बारीक होतेय.

"ते आधी थांबव," नवरा वैतागून म्हणाला. "दर वेळी तुझं वजन वेगळं. दर वेळी मला डोस नव्याने काढावा लागतो."

ती मान उडवून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

बाटलीत थोडं औषध उरलं होतं. रसायनतज्ज्ञाने बाही वर सारली.

"हे मला टोच."

"कशाला?"

"माझ्यातही चमकलं तर फुगे फुटके. उद्या मीच समितीला सांगतो, बंद करा म्हणून."

"आणि नाही चमकलं तर?"

हा काय प्रश्न झाला? "तर मी जिंकलो. टोच आता."

डॉक्टरांनी सुई भरली. मग त्यांनी टोचली.

औषध रक्तात पसरायला वेळ द्यावा लागला. नंतर तो यंत्राच्या बोगद्यात पडून राहिला. कानाशी घण घातल्यासारखे ठोके पडत होते. आयुष्यात त्याने कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आज मनातल्या मनात तो एकच गोष्ट मागत होता: चमकू नको.

बाहेर आल्यावर बूट घालायलाही तो थांबला नाही.

पडद्यावर रक्तवाहिन्या पानगळ झालेल्या झाडासारख्या लखलखत होत्या. यकृत या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखं करडं होतं. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठिपका कुठेच नव्हता. बाटली तीच, फ्रिज तोच, यंत्र तेच.

"बघितलंस?" तो म्हणाला. "एकही फुटलेला नाही. औषध खणखणीत आहे. पहिल्या खेपेपासून खणखणीत होतं, आणि मी वेड्यासारखा त्यालाच दोष देत बसलो."

डॉक्टरांनी त्याचं अभिनंदन केलं नाही. तिचं सकाळचं चित्र त्यांनी या चित्राशेजारी लावलं आणि त्यातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"वहिनी बाहेरच आहेत ना?" ते म्हणाले. "त्यांना आत बोलव."